चंद्रावर पाय कशाला हवेत?

दुर्भाट, फोंडा, गोवा

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची चित्रंही मिळाली. पडवीतल्या टेबलावर ती पसरून ठेवली आणि दोन दिवस जाता-येता बघत राहिलो. पहिल्या पानावर चंद्राची जमीन, तिच्यावर उभा असलेला तुझा ह्युमनॉइड. दोन पाय, दोन हात, काचेमागे चेहरा, छातीवर तिरंगा. गुडघ्याचा सांधा तू तीनदा खोडून काढलायस. ते पाहून मला बरं वाटलं, कारण तिथे तुला काहीतरी खटकत होतं हे दिसलं. पत्रात तू विचारतेस, ‘काका, अंतराळ संशोधनाला माणसाच्या आकाराचा यंत्रमानव खरंच योग्य आहे का? शेवटचं वर्ष मी ह्यावर घालू का?’

माझं मत आधीच सांगून टाकतो. हात घडव. पायांवर वर्ष घालू नकोस. चेहऱ्याचा विचार तर आत्ता मनातूनच काढ. आता कारणं सांगतो. ती जरा लांबतील, पण तू नेटाने वाचशील ह्याची मला खात्री आहे.

चवथीच्या आदल्या दिवशी तू आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, बांधायला आली होतीस, आठवतं? तू स्टुलावर उभी होतीस आणि मी खालून एकेक जिन्नस देत होतो. नारळाची पेंड, सुपारीचा घड, आंबाडे, चिबूड, शेवटी कांगलां ही रानफळं. कुमयाच्या झाडाच्या सालीचा दोर सुकून कडक झाला होता, तो तू पाण्यात बुडवलास. चिबूड बांधताना पहिली गाठ सरकली. तू डाव्या अंगठ्याने ती दाबून धरलीस, दोराचं दुसरं टोक दातात धरलंस आणि उजव्या हाताने चिबडाचं वजन तोलून धरलंस. कांगलांचा घोस हातात आला तेव्हा मात्र तुझी बोटं आपोआप सैल झाली, कारण एक-दोन फळं गळल्याचं त्यांना कळलं होतं. आणि हे सगळं चालू असताना तू तुझ्या काकूशी कॉलेजच्या गप्पा मारत होतीस. बोटांकडे तुझं लक्षसुद्धा नव्हतं.

माणसाच्या शरीरातली कुठली गोष्ट अंतराळात न्यावी असं मला कुणी विचारलं, तर मी ती दहा मिनिटं दाखवीन. ओला दोर, सरकणारी गाठ, पिकलेलं फळ, अशा वाकणाऱ्या, घसरणाऱ्या, चिरडणाऱ्या वस्तूंपुढे यंत्रं अडतात. कारखान्यातला रोबो पोलादाचा तोच तुकडा त्याच जागी लाखदा ठेवेल, पण ओली पिशवी उघडायला सांगितलीस तर गोंधळेल. आणि अंतराळस्थानकात अशा वस्तूंची ददात नाही. सामानाच्या कापडी पिशव्या, केबलींचे वेटोळे, उष्णतेपासून बचाव करणारे पातळ चकचकीत पडदे, वेल्क्रोच्या पट्ट्या, सगळं मऊ आणि लवचीक.

नासा आणि जनरल मोटर्स ह्यांनी मिळून घडवलेला रोबोनॉट २ हे जाणूनच घडवला होता. २४ फेब्रुवारी २०११ रोजी डिस्कव्हरी यानातून तो आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाला. डोकं, धड आणि दोन हात, वजन सुमारे १५० किलो, पाय नव्हतेच. त्याच्या पंजाची रचना तू नीट अभ्यास. बोटं दोऱ्यांनी ओढली जातात आणि त्या दोऱ्या ओढणाऱ्या मोटरी पंजात बसवलेल्या नाहीत, त्या कोपराखालच्या भागात आहेत. आता आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेव, डाव्या हाताने कोपराखाली धर आणि बोटं हलव. कातडीखाली स्नायू सरकताना जाणवतील. आपल्याही बोटांना ओढणारं मुख्य बळ तिथूनच येतं, म्हणून तर पंजा इतका हलका आणि बारीक राहतो. ज्यांनी हा हात घडवला त्यांनी माणसाच्या हाताकडे खरोखर पाहिलं होतं. माणसाच्या रूपाची नक्कल करणं वेगळं आणि माणसाच्या शरीराकडून शिकणं वेगळं. हा फरक तुझ्या ध्यानात आला तर माझं अर्धं पत्र पोचलं असं मी समजेन.

रोबोनॉटने स्थानकात बटणं दाबली, हवेचा प्रवाह मोजला, कठडे पुसले. २०१२ मध्ये अंतराळवीर डॅन बरबँक ह्यांच्याशी हस्तांदोलनही केलं. कामं लहानच होती. पण स्थानकातलं प्रत्येक हँडल, प्रत्येक झडप, प्रत्येक अवजार माणसाच्या पंजाच्या मापाचं आहे, त्यामुळे तिथे तसाच पंजा असलेलं यंत्र नेलं तर नवी अवजारं न्यावी लागत नाहीत. ह्युमनॉइडच्या बाजूने केलेला हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद आहे आणि मला तो पूर्ण पटतो. जागा माणसाने माणसासाठी बांधलेली असेल, तर माणसाच्या मापाचा हात तिथे शोभतो.

मग पायांचं काय झालं ते बघ. २०१४ मध्ये रोबोनॉटसाठी पाय वर पाठवले. त्यांना पाय म्हणायचं ते केवळ सवयीने. प्रत्येकाला सात सांधे आणि टोकाला पावलाऐवजी कठडा पकडणारा चिमटा. कारण जिथे वजनच जाणवत नाही तिथे पाऊल टाकायचं कशावर? तिथे माणूससुद्धा चालत नाही. हातांनी स्वतःला ओढत तरंगतो आणि पाय कठड्यात अडकवून स्थिर राहतो. हे पाय जोडल्यानंतर रोबोनॉटमध्ये विजेचे बिघाड सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याला दुरुस्तीसाठी पृथ्वीवर परत आणावं लागलं. रशियाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये फेडोर, म्हणजे स्कायबॉट एफ-८५०, सोयुझ यानातून पाठवला. उंची १८० सेंटिमीटर, पूर्ण माणसासारखा, पायांसकट. दोन आठवड्यांनी तो परतला आणि पुढे त्याच्याच घडवणाऱ्यांनी सांगितलं की यानाबाहेरच्या कामात ह्या लांब पायांचा उपयोग नाही. अशी कबुली द्यायला मोठं मन लागतं. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

त्याच स्थानकाबाहेर कॅनडाने घडवलेला कॅनडार्म २ हा यंत्रहात आहे, सतरा मीटरहून लांब. त्याला खांदा कुठला आणि मनगट कुठलं हे ठरलेलंच नाही, कारण दोन्ही टोकं सारखीच आहेत. एक टोक पकडून दुसरं पुढे टाकायचं, मग ते पकडून पहिलं सोडायचं. पावसात आपल्या परसातल्या झाडांवर अंग मुडपून पुढे सरकणारी हिरवी अळी असते ना, अगदी तशी चाल. २००१ पासून तो काम करतोय. त्याच्याकडे बघून कुणाला माणूस आठवत नाही. तरीही आजवर सगळ्यात जास्त राबलेला अंतराळातला हात तोच असेल, असं मी म्हणेन.

आता चंद्रावर येऊ, कारण तुझं चित्र चंद्राचं आहे. तिथे गुरुत्वाकर्षण आहे, पृथ्वीच्या सहावा हिस्सा का होईना, म्हणजे पाय टेकतात. मग दोन पायांवर चालणारं यंत्र का नको?

पहिलं कारण पडणं. दोन पायांवर चालणं म्हणजे प्रत्येक पावलाला पडता पडता सावरणं. १९७२ च्या एप्रिलमध्ये अपोलो १६ चे चार्ली ड्यूक चंद्रावर उंच उडी मारायला गेले आणि पाठीवर कोसळले. पाठीवर त्यांचा श्वास पुरवणारी यंत्रणा होती. जन्मापासून तोल सावरत आलेल्या माणसाची ही गत. चाकाची गाडी अडली तर ती बहुधा नुसती थांबते. आपल्या चांद्रयान-३ मधल्या प्रज्ञानचं उदाहरण घे. २६ किलोचा रोव्हर, सहा चाकं, सौर पट्टीची वीज पन्नास वॅट. २७ ऑगस्ट २०२३ रोजी त्याला तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला. त्याला मागे फिरायचा आदेश दिला गेला आणि तो आल्या वाटेने फिरून दुसरीकडे गेला. विचार करायला वेळ मिळाला, कारण उभं राहायला त्याला काही खर्च नव्हता. दोन पायांच्या यंत्राला नुसतं उभं राहायलाही मोटरी चालू ठेवाव्या लागतात. चालायला तर शेकडो वॅट लागतात.

दुसरं कारण धूळ, आणि इथे मी स्वतःच्या हातांनी शिकलेलं सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी डिचोलीच्या बाजूला खाणीवरच्या यंत्रांची दुरुस्ती करत काढली. कन्व्हेअरचं बेअरिंग उघडलं की आत ग्रीसऐवजी लाल चिकटा निघायचा. सील कितीही चांगलं असो, महिन्या-दोन महिन्यांत धूळ आत जायचीच. तेव्हा एक गोष्ट पक्की शिकलो, की फिरणारा प्रत्येक सांधा म्हणजे धुळीला उघडं दार. चंद्राची धूळ तर ह्याहून वाईट. तिथे वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणांच्या कडा कधी घासल्याच गेलेल्या नाहीत, त्या काचेच्या चुऱ्यासारख्या धारदार राहिल्या आहेत. त्यात विद्युतभाराने ती सगळ्याला चिकटते. अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखांचे सांधे तीन दिवसांतच तिने जड करून टाकले होते. तुझ्या चित्रातल्या ह्युमनॉइडला मी सांधे मोजले, बोटं धरून एकोणचाळीस. प्रत्येकाला सील हवं, प्रत्येकाला निर्वातात उडून न जाणारं वंगण हवं, आणि प्रत्येक मोटरची उष्णता बाहेर काढायची सोय हवी. कारण वाहून न्यायला तिथे हवा नाही. विषुववृत्ताजवळ दिवसा १२० अंश सेल्सिअस, रात्री उणे १३० च्याही खाली, आणि रात्र आपल्या चौदा दिवसांची. खोडून काढलेल्या त्या गुडघ्याकडे ह्या नजरेने एकदा परत बघ.

तू म्हणशील, काका, मग पायांवर कुणी कामच करू नये का? करावं, इथे जमिनीवर खूप करावं. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर अमेरिकेत दार्पा ह्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने यंत्रमानवांची मोठी स्पर्धा ठेवली होती. पडझडीत शिरायचं, दार उघडायचं, झडप फिरवायची, जिना चढायचा. २०१५ च्या अंतिम फेरीत कितीतरी यंत्रं दारातच कोसळली. जिंकला तो दक्षिण कोरियाचा ह्युबो. त्याच्या गुडघ्यांपाशी चाकं होती. सपाट जागा आली की तो गुडघे टेकून बसायचा आणि चाकांवर सरकायचा. जिना आला की उठायचा. ज्यांनी ते ठरवलं त्यांनी माणसासारखं दिसण्याचा हट्ट सोडला आणि कामाकडे पाहिलं.

हा हट्ट काय असतो ते मला ठाऊक आहे. मी तिशीत होतो. बार्ज दुरुस्तीच्या एका धक्क्यावर काम करत होतो. बार्ज किनाऱ्यावर ओढली की तिच्या तळाची कालवं आणि गंज खरवडायला माणसं लागत, उताणं पडून, डोळ्यांत कचरा घेत. मला त्यांचे हाल बघवत नव्हते. म्हणून मी एक यंत्र आखलं, खांदा, कोपर, मनगट असलेला तेलाच्या दाबावर चालणारा हात. पाच महिने त्यात घातले. खांद्यातली केसभर ढिलाई मनगटापर्यंत बोटभर व्हायची आणि खरवडणी पत्र्यावर थरथरायची. एका दुपारी दाब वाढवला, तेलाचा होज, म्हणजे नळी, फुटला आणि गरम तेल माझ्या मदतनिसाच्या मनगटावर उडालं. तो बरा झाला, पण तो डाग पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता आणि आजही आहे. त्या संध्याकाळी धक्क्यावरचा म्हातारा फिटर माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘सायबा, आमकां हात आसात म्हणून आमी हातांनी खरडटांव. तुमच्या यंत्राक हात कित्याक जाय?’ म्हणजे, यंत्राला हात कशाला हवा?

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही दुसरं यंत्र केलं. लोहचुंबकाची चाकं असलेली बुटकी गाडी, पत्र्याला चिकटून चालणारी, पोटाखाली फिरणारा तारेचा ब्रश. सपाट पत्रा, एकच काम, दिवसभर तेच. तिथे हाताची गरजच नव्हती. मी मात्र खरवडणाऱ्या माणसाकडे इतका वेळ बघत बसलो होतो, की पत्र्याकडे पाहायचंच राहून गेलं होतं.

आमच्या खाजनाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीची, मानस तू लहानपणापासून पाहतेस, बांधातली ती पाण्याची दारं. भरतीचं खारं पाणी चढलं की दाबाने दारं मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. रात्री दोन वाजता भरती आली तरी कुणाला झोपेतून उठून बांधावर जावं लागत नाही. ज्याने ती पहिल्यांदा बसवली तो बांधावर बसून नदीकडे किती दिवस बघत राहिला असेल, ह्याचा मी अजूनही विचार करतो. शरीर कसं हवं हे पाण्यानेच त्याला सांगितलं.

दोना पावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ नावाची पाण्याखाली स्वतः फिरणारी नौका घडवली. एकदा संधी काढून ती बघून ये. टॉर्पेडोसारखी गोल, शेपटीला पंखा, बाजूला परांसारख्या पट्ट्या. पाणबुड्याचा आकार तिला कुणी दिला नाही, कारण पाण्यात लांबवर फिरून मोजमापं करायची तर माशाचंच अंग हवं. पण थांब, दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या उसामा खातिब ह्यांच्या गटाने ओशनवन नावाचं यंत्र भूमध्य समुद्रात सुमारे शंभर मीटर खाली उतरवलं. तिथे १६६४ मध्ये बुडालेलं ला ल्यून हे फ्रेंच जहाज आहे. त्यातलं एक जुनं भांडं न फोडता वर आणायचं होतं. ओशनवनला माणसासारखे दोन डोळे, दोन हात आणि बोटांत स्पर्शाची जाण, जी वर जहाजावर बसलेल्या चालकाच्या हातापर्यंत पोचत होती. कंबरेखाली मात्र पाय नव्हते. तिथे पाणी कापणारे पंखे होते.

माझं म्हणणं इतकंच आहे, बाय. नाजूक वस्तू हाताळायची असेल तिथे कंबरेच्या वर माणूस असू दे. कंबरेखाली काय असावं हे त्या जागेला ठरवू दे. मंगळावर, चंद्रावर चाकं. स्थानकात चिमटे. र्युगू ह्या लघुग्रहावर २०१८ मध्ये जपानने सोडलेले छोटे रोव्हर तर टुणटुण उड्या मारत फिरले, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण, की चाक फिरवलं तर गाडी जमिनीवरून उचललीच जाईल. जर्मनीच्या रोलिन जस्टिनकडे बघ. वरून माणसाचं धड आणि हात, खालून चाकांची बैठक. २०१७ पासून अंतराळस्थानकातल्या अंतराळवीरांनी त्याला जर्मनीतल्या प्रयोगशाळेत दुरून चालवून पाहिलं आहे. उद्या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानातून खालच्या यंत्राला चालवायचं झालं, तर त्याची ही तालीम. पृथ्वीवरून ते जमणार नाही. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतं, तेवढं सोसता येतं. मंगळापर्यंत तीन ते बावीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात पडायचं ते यंत्र पडून गेलेलं असतं.

व्योममित्राबद्दल तू अभिमानाने लिहिलंयस. तो अभिमान मलाही आहे. इस्रोने २०२० च्या जानेवारीत ती लोकांपुढे आणली. गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी ती घडवली आहे आणि तिलाही पाय नाहीत, हे तुझ्या नजरेतून सुटलेलं दिसतं. ती आसनावर बसणार, फलकावरच्या नोंदी वाचणार, बोलणार, पुढे माणूस बसेल तेव्हा त्याच्या वाट्याला काय येईल ह्याचा अंदाज देणार. इथे माणसाचा आकार योग्यच, कारण मोजायचं आहे ते माणसाचंच आसन. २०२२ मध्ये आर्टेमिस १ मधून चंद्राला वळसा घालून आलेल्या हेल्गा आणि झोहर ह्या पुतळ्यांचंही तसंच. एकीला किरणोत्सर्गापासून वाचवणारं जाकीट घातलं होतं, दुसरीला नव्हतं. बाईच्या शरीराला किती किरणोत्सर्ग लागतो हे मोजायला बाईच्याच शरीराचा आकार लागतो. पण त्या मोजण्यासाठी गेल्या होत्या. शोध घेणं हे वेगळं काम आहे.

आणि शोधाबद्दल एक गोष्ट माझ्या मनात फार वर्षांपासून आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे हॅरिसन श्मिट चंद्रावर चालत होते. ते भूवैज्ञानिक होते. एका विवराच्या कडेला त्यांच्या बुटाने माती उकरली गेली आणि राखाडीतून नारिंगी रंग दिसला. ते थांबले. वेळ हातातून चालला होता, तरी त्यांनी तिथेच खणलं. ती ज्वालामुखीच्या काचेची सूक्ष्म गोळ्यांची माती निघाली, अब्जावधी वर्षं जुनी. त्या तीन दिवसांत दोघा अंतराळवीरांनी गाडीतून सुमारे ३५ किलोमीटर अंतर कापलं. मंगळावर ऑपॉर्च्युनिटी ह्या रोव्हरला ४५ किलोमीटर जायला चौदा वर्षं लागली. ह्यात ऑपॉर्च्युनिटीचा कमीपणा नाही, त्या यंत्राचं मला फार प्रेम आहे. पण श्मिट थांबले ते पायांमुळे नाही. आयुष्यभर दगड पाहिलेल्या डोळ्यांमुळे ते थांबले. यंत्राला दोन पाय आणि चेहरा दिला म्हणून ती नजर त्याच्यात येत नाही. चेहऱ्यामुळे आपल्याला ती आल्यासारखी वाटते, आणि म्हणूनच मी तुला चेहऱ्यापासून लांब राहायला सांगतो.

हाताचंही असंच. २००४ मध्ये हबल दुर्बिणीची दुरुस्ती यंत्रहातांकडून करवून घ्यायचा विचार झाला होता, पण शेवटी २००९ मध्ये माणसं गेली. माइक मॅसिमिनो ह्यांना एक कठडा काढायचा होता आणि त्याचा एक स्क्रू झिजून नुसताच फिरायला लागला. त्या कठड्यामागे १११ बारीक स्क्रूंचं झाकण त्यांची वाट बघत होतं. जमिनीवरच्या लोकांनी तसाच कठडा ओढून बघितला, किती जोर लागतो ते मोजलं आणि वर सांगितलं की ओढ. मॅसिमिनोंनी तो हाताने उपटून काढला. किती ओढायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांच्या दंडाला कळत होतं. हे कळणं यंत्राच्या हातात आणायचं आहे. तुझं वर्ष इथे लागू दे.

मी चुकीचा ठरू शकतो, हेही लिहून ठेवतो. चंद्रावर उद्या कायमची वस्ती झाली, तिथे शिड्या आल्या, अरुंद दारं आली, माणसाच्या उंचीची कपाटं आली, तर पायांचं यंत्र तिथे चाकांपेक्षा सरस ठरेल. जमिनीवरच्या कारखान्यांसाठी ह्युमनॉइड मोठ्या संख्येने बनू लागले आणि स्वस्त झाले, तर त्यांतलाच एखादा थोडा बदलून वर पाठवणं परवडेलही. असं झालं तर मी आनंदाने मत बदलीन. पण ते दिवस आले तरी तुझा हात वाया जाणार नाही, कारण तो कुठल्याही धडाला जोडता येईल.

आता कामाचं. एक हात, आणि त्या हाताला एकच काम दे. माझं सुचवणं असं, की केबलीचा गोल कनेक्टर घे, तो फिरवून सोडवायचा, बाजूला ठेवायचा आणि परत लावायचा. आधी वेल्डिंगचे जाड हातमोजे घालून तू स्वतः हे पन्नास वेळा कर. स्थानकाबाहेरची हँडलं आणि खटके फुगलेल्या जाड हातमोज्यांतल्या बोटांसाठीच बनवलेले असतात, म्हणजे तुझ्या यंत्राला नाजूक पाच बोटं लागतीलच असं नाही. कदाचित तीन पुरतील. ते तू ठरवायचं नाहीस, कनेक्टरला ठरवू दे. मोजे घातल्यावर कुठलं बोट रिकामं राहतं ते वहीत लिही.

मोटरी पंजात बसवू नकोस, कोपराखाली ठेव. दोऱ्या ताणल्या जाऊन सैल पडतील, पहिल्याच आठवड्यात पडतील, त्याने खचू नकोस. ताण मोजायची सोय सुरुवातीपासून कर. स्पर्शाचे सेन्सर महाग मिळाले तर मोटरला किती करंट जातोय त्यावरूनही पकडीचा अंदाज बांधता येतो. तिथून सुरू कर. धुळीच्या चाचणीसाठी लाल माती सुकवून बारीक चाळ, बंद पेटीत घाल आणि एक सांधा तिच्यात हजार वेळा फिरव. चंद्राच्या धुळीची धार तिला नाही, पण सील कुठे हार खातं हे कळेल. तोंडाला मास्क लावल्याशिवाय ती पेटी उघडायची नाही, हे मी हात जोडून सांगतो. खाणीवरच्या माझ्या कितीतरी सोबत्यांची छाती मी ऐकली आहे.

लेथवर स्वतः उभी राहा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचं वर्कशॉप आहे, मी सांगून ठेवतो. तिथले लोक तुला आधी बसायला खुर्ची देतील, पण तू उभीच राहा. मापं तुझ्या हातांना समजली पाहिजेत. आणि बिघाडांची वेगळी वही ठेव. कॉलेजात दाखवायच्या अहवालात यश लिहावं लागतं, ते लिही. पण वहीत तारखेसकट काय तुटलं, का तुटलं, हे ठेव. माझ्या पहिल्या यंत्राची अशी वही मी ठेवली असती, तर तो होज फुटायच्या आधी तीनदा घामेजला होता हे मला दिसलं असतं.

तुझ्या सरांना चंद्रावरचा पूर्ण ह्युमनॉइडच आवडला असेल आणि नुसता हात त्यांना कमी वाटेल, अशी तुला भीती आहे, ते तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळींत दिसतं. त्यांच्याशी सरळ बोल. कनेक्टर समोर ठेव, हातमोजे त्यांनाही घालायला दे. शिक्षकाला काम हातात दिलं की तो ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

येत्या रविवारी ये. दुपारी ओहोटी असेल, आधी बांधावर जाऊन मानस बघू, मग जेवण. काकूने तुझ्यासाठी सोलकढी करायचं ठरवलंय. माटोळीची चौकट मी अजून माळ्यावर चढवलेली नाही आणि कुमयाचा दोरही थोडा उरला आहे. तुझ्या हाताचा पहिला नमुना तयार झाला की त्याला चौकटीशी उभा करू, दोर भिजवून देऊ आणि एक सुपारी बांधायला सांगू.

तुझा,
काका